पाईपचं गणित बरोबर, बॉक्सचं माप चुकलं

प्रश्न : माझ्या हॅचबॅकसाठी मी घरीच 12 इंची सबवूफरचा बॉक्स बनवला. प्लाय 18 मि.मी., बाहेरून माप 58 × 36 × 36 सें.मी., म्हणजे 75 लिटर. पुढच्या फळीवर स्पीकरशेजारी पीव्हीसी पाईप बसवलाय, आतला व्यास 10 सें.मी. 35 हर्ट्झसाठी सूत्राने लांबी 18 सें.मी. आली, तेवढाच कापला. पण कुठलंही गाणं लावलं की एकच ‘घुम्म’ येतो, आणि त्याच्या खालचा बास येतच नाही. स्पीकर खराब निघाला का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : स्पीकरला हात लावू नका, तो ठणठणीत आहे. तुम्ही सगळी मापं व्यवस्थित लिहून पाठवलीत म्हणून चूक पहिल्या ओळीतच सापडली. 75 लिटर हे बाहेरचं माप आहे. पाईपला बाहेरच्या लाकडाशी काही देणंघेणं नसतं, त्याचा संबंध आतल्या हवेशी.

प्लायची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करा. आत उरतात 54.4 × 32.4 × 32.4 सें.मी., म्हणजे 57 लिटर. 18 लिटर इथेच गेले. आता आत जे जे बसलंय ते काढा. 12 इंची स्पीकरचं मॅग्नेट आणि बास्केट (कोनभोवतीचा धातूचा सांगाडा) साधारण 2 ते 3 लिटर जागा खातात (नेमका आकडा स्पीकरसोबतच्या कागदावर असतो). आधाराच्या पट्ट्या दीड लिटर धरा. पाईपसुद्धा जागा खातो, तोही बाहेरच्या व्यासाने, कारण त्याच्या पोटातली हवा बॉक्सची नव्हे, पोर्टची (पोर्ट म्हणजे हवा आतबाहेर करायची ही वाट). 11 सें.मी. बाहेरचा व्यास आणि 29 सें.मी. आत शिरलेली लांबी धरली तर पावणेतीन लिटर. सगळं वजा जाता हातात राहतात जेमतेम 50 लिटर.

आता तुमचंच सूत्र पुन्हा मांडू. व्यास सें.मी.मध्ये, हवा लिटरमध्ये :

लांबी = (23562.5 × व्यास × व्यास × पाईपची संख्या) ÷ (हर्ट्झ × हर्ट्झ × लिटर) − (0.732 × व्यास)

75 लिटर घातले की 18.3 सें.मी. येतात, म्हणजे तुमची आकडेमोड चोख होती. 50 घातले की वरचा भाग 38.5, त्यातून 7.3 वजा, उत्तर 31 सें.मी. पाईप 13 सें.मी. आखूड पडला आणि बॉक्स 35 ऐवजी 43 हर्ट्झच्या आसपास बोलतोय. तोच तुमचा ‘घुम्म’.

शेवटी जे 0.732 वजा करतो ते का, हे अनेकजण विचारतात. पाईपच्या तोंडाशी आणि शेपटाशी बाहेरची थोडी हवाही आतल्या हवेबरोबर पुढेमागे हलते. म्हणजे पाईप दिसतो त्यापेक्षा हवेच्या हिशेबाने लांब असतो. एक टोक फळीत आणि दुसरं आत मोकळं असेल तर हा आकडा चालतो. कळशी नळाखाली धरलीत की भरता भरता आवाज वर चढत जातो, तो कान लावून ऐका. आतली हवा कमी झाली की सूर वर. तुमच्या बॉक्सचं नेमकं हेच झालंय : तुम्ही 75 लिटरची कळशी समजून गळा बनवलात आणि कळशी निघाली 50 ची.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. ट्यूनिंगच्या, म्हणजे बॉक्स ज्या हर्ट्झला बोलतो त्या आकड्याच्या, खालच्या सुरांना पोर्टवाल्या बॉक्समध्ये कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार उरत नाही, कोन मोकाट हलतो. 43 ला ट्यून झालेल्या बॉक्समध्ये 30 चा सूर जोरात वाजला की कॉईल मागच्या प्लेटवर आपटते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाच्या गाडीत मी हे होऊ दिलंय. ‘टक्‌ टक्‌’ असा कोरडा आवाज आला, मला वाटलं नंबरप्लेट थडथडतेय. नंबरप्लेट घट्ट करून दिली. चार दिवसांनी स्पीकर परत आला, कॉईलची नळी काठावर चेपलेली. तो स्पीकर मी भरून दिला, आणि तेव्हापासून सबसॉनिक फिल्टर (ठरवलेल्या आकड्याखालचे सूर अडवणारा) लावल्याशिवाय गाडी सोडत नाही. तुमच्या ॲम्प्लिफायरवर तो बहुधा असेल. पाईप दुरुस्त होईपर्यंत 38 वर ठेवा आणि आवाज बेताचा. 35 चं ट्यूनिंग झालं की 28-30 वर आणा.

दुरुस्तीला बॉक्स फोडायची गरज नाही. पण 31 सें.मी.चा सरळ पाईप पुढून घालू नका. आतली खोली 32.4, फळीची जाडी सोडली तर 29 सें.मी. आत जाईल आणि मागच्या भिंतीपर्यंत तीनच सें.मी. राहतील. शेपटामागे निदान एका व्यासाएवढी, म्हणजे 10 सें.मी., मोकळी जागा हवी, नाहीतर हवा कोंडते आणि ट्यूनिंग पुन्हा घसरतं. स्पीकर उतरवा, त्या भोकातून हात आत जातो. पाईपच्या मागच्या टोकाला प्लंबिंगचा 90 अंशाचा एल्बो लावा आणि तोंड बॉक्सच्या लांबीच्या दिशेने, मॅग्नेटच्या मागून जाईल असं वळवा. एल्बोची लांबी मधल्या रेषेने मोजा, दोरी धरून. एकूण 31 भरली पाहिजे, जास्त झाली तर सरळ भागातून कापा. आधी चिकटवू नका, टेपने घट्ट बांधून ऐका.

तपासायला मीटर लागत नाही. मोबाईलवर टोन जनरेटर लावा, आवाज हळू ठेवा आणि 50 हर्ट्झपासून एकेक करत खाली या. पोर्टच्या तोंडासमोर पेटती अगरबत्ती धरा. ज्या आकड्याला धूर सगळ्यात जोरात फेकला जातो आणि कोन जवळजवळ गप्प बसतो, तो तुमच्या बॉक्सचा खरा आकडा. मला हे दृश्य आजही आवडतं : कोनवर बोट टेकवलं तरी हालचाल कळत नाही, आणि वीतभर अंतरावर पाईपमधून वारा सुटलेला. आकडा 35 च्या वर आला तर पाईप वाढवा, खाली आला तर कापा. म्हणूनच पहिला तुकडा नेहमी थोडा लांब ठेवायचा. हातासरशी तीच अगरबत्ती सगळ्या जोडांवरून फिरवा. धूर कुठे थरथरला तर तिथून हवा गळतेय, आतून सिलिकॉन भरा.

पाईपचा व्यास मात्र स्वतः मोजलात हे फार बरं केलंत. दुकानात ‘चार इंची’ म्हणून मिळणाऱ्या पाईपांचा आतला व्यास जाडीप्रमाणे बदलतो. तोच 10.4 सें.मी. असता तर लांबी 31 ऐवजी 34 झाली असती.

प्रश्न : पाईपमधून फुसफुस आवाज येतो म्हणून दोन पाईप लावले तर? की प्लायचाच चौकोनी पोर्ट करू? – एक वाचक, बार्शी

उत्तर : फुसफुस येते म्हणजे हवेला वाट अरुंद पडतेय, तुमचं निदान बरोबर. पण वाट रुंद केली की लांबी वाढते. वरच्याच 50 लिटर आणि 35 हर्ट्झच्या बॉक्सला 10 सें.मी.चे दोन पाईप लावले तर प्रत्येकी 70 सें.मी. लागतात. आत मावणार नाहीत. प्लायचा 32.4 × 4 सें.मी.चा उभा पोर्ट केला तर लांबी साधारण 54 सें.मी. येते, तो काटकोनात वळवावा लागतो, आणि पोर्टची हवा व मधली फळी मिळून 10 लिटर खातात. तेवढा बॉक्स मोठा करायची डिकीत जागा असेल तर जरूर करा, आवाज स्वच्छ येतो. पण चिकटवलेला लाकडी पोर्ट नंतर कापता येत नाही. पहिलाच बॉक्स असेल तर मी पाईपच सांगेन. आधी पाईपच्या दोन्ही टोकांची धार पॉलिशपेपरने गोल करून पाहा आणि बास बूस्ट शून्यावर आणा. तरीही फुसफुस राहिली, तर बॉक्सची आतली मापं आणि ॲम्प्लिफायरचे आरएमएस वॅट (सतत देता येणारी ताकद) कळवा, पुढच्या अंकात आकडे मांडून देतो.