बियाणं वाढवलं, मग फुटवे का घटले?

प्रश्न: नमस्कार सर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गहू पेरला, ओंब्या जास्त मिळतील म्हणून एकरी 60 किलो बियाणं टाकलं, पण आत रोपाला एक-दोनच फुटवे आणि बांधाकडच्या ओळीत मात्र पाच-सहा. खत-पाणी सगळीकडे सारखंच दिलंय. फुटव्यांसाठी एखादं टॉनिक मारू का? (एक वाचक, निफाड)

उत्तर: टॉनिकवर पैसे घालवू नका दादा. कडेच्या ओळीला खत-पाण्याचा वाटा थोडा जास्त मिळतो हे खरंय, पण यात उजेडाचाही मोठा हात आहे, आणि तो नुसता किती मिळतो एवढंच नाही तर कोणत्या रंगाचा मिळतो तेही बघावं लागतं. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं, पण त्याच्या पलीकडचा, 730 नॅनोमीटरच्या आसपासचा फार-रेड, जो आपल्याला जेमतेम दिसतो, तो बराचसा आरपार सोडतं नाहीतर परत फेकतं. उघड्या उन्हात हे दोन्ही जवळपास सारखे असतात, दाट पिकात तळाशी मात्र लाल फारच कमी उरतो. रोपातलं फायटोक्रोम नावाचं प्रथिन हा फरक ओळखतं, आणि खरी गंमत म्हणजे सावली पडायचीही वाट बघत नाही, शेजारच्या पानांवरून आलेला फार-रेड वाढला की रोपाला कळतं की गर्दी होणार, मग ते ताकद उंचीला लावतं आणि पानाच्या बेचक्यातला फुटव्याचा डोळा तसाच झोपून राहतो. असा शेलाटा गहू वाऱ्यात लोळतो पण लवकर.

ज्वारीत तर हे जनुकापर्यंत शोधलंय. फायटोक्रोम-बी नीट काम करत असेल तर डोळा दाबून ठेवणारं टीबी-1 जनुक शांत राहतं, फार-रेड वाढला की ते जोर धरतं. मक्याचं एकच ताट उभं राहतं तेही याच जनुकामुळे, त्याचा मेक्सिकोतला रानटी पूर्वज टिओसिंटे चांगला झुडपासारखा फुटतो.

आता यंदा जे डोळे झोपले ते झोपले, उशिरा फुटवा आला तरी त्याची ओंबी बारीकच राहते. पुढच्या वर्षी वेळेवर पेरणी असेल तर एकरी 40 किलोच्या आसपास बियाणं पुरे, ओळीत 20 सेंटीमीटर अंतर ठेवा आणि 18 ते 21 दिवसांचं, मुकुटमुळं फुटतानाचं पाणी अजिबात चुकवू नका. डिसेंबरात पेरलात तर गोष्ट वेगळी, तेव्हा दिवस कमी मिळतात, फुटवे तसेही कमी येतात म्हणून बियाणं थोडं वाढवावंच लागतं. खात्री करायची तर एका पट्ट्यात 60 किलोच्या हिशोबानेच पेरा आणि काढणीआधी दोन्हीकडच्या एक मीटर ओळीतल्या ओंब्या मोजा, दाणेही मोजा.