तेक्तोन, तासणे आणि नासरेथचा सुतार

प्रश्न असा आला आहे : "एका व्याख्यानात ऐकलं की येशू सुतार नव्हताच, तो गवंडी किंवा पाथरवट होता. मूळ ग्रीक शब्द 'टेक्टॉन', त्याचा अर्थ बांधकाम करणारा, आणि मराठी बायबलातला 'सुतार' म्हणजे इंग्रजीमागे डोळे मिटून गेल्यामुळे झालेली चूक. हे खरं का? शिवाय, संशोधनाबद्दल लिहिताना 'ऐतिहासिक येशू' म्हणावं की 'इतिहासातला येशू'?"

आधी उच्चार. ग्रीकमध्ये तो त आहे, ट नव्हे. तेक्तोन. आपल्या वर्णमालेत त असताना इंग्रजाच्या जिभेवरून आलेला ट का उचलायचा? आणि तोच ट घेऊन मराठी भाषांतर इंग्रजीच्या मागे गेलं म्हणून दटावायचं, हे मला सहन होत नाही. गेली काही वर्षं हा 'गवंडी' सिद्धान्त जिथे तिथे ऐकू येतो. सांगणारा आवाज खाली आणून, जणू गुपित फोडतोय अशा थाटात सांगतो. त्याच्या बाजूने दोन-तीन मुद्दे खरोखर आहेत. पण त्यावरून 'सुतार' चूक ठरत नाही. उलट सुतार हा शब्द या जागी इतका नेमका बसतो की इंग्रजी 'कार्पेंटर'ने त्याचा हेवा करावा.

नव्या करारात हा शब्द फक्त दोनदा येतो. मार्क 6:3 मध्ये गावचे लोक विचारतात, हा तोच तेक्तोन ना, मरीयेचा मुलगा? मत्तय 13:55 मध्ये तेच लोक म्हणतात, हा तेक्तोनाचा मुलगा ना? बस, एवढंच. लूक आणि योहान तर 'योसेफाचा मुलगा' एवढंच म्हणतात, धंद्याचं नावही घेत नाहीत. मार्कचं शुभवर्तमान सर्वांत जुनं, इ.स. 70 च्या आसपासचं. मत्तय त्याच्या नंतरचा, मार्क समोर ठेवून लिहिणारा. त्याने धंदा मुलाकडून बापाकडे सरकवला, कारण बहुधा असं, की हाताने काम करणारा गुरू ही गोष्ट त्या काळच्या शिकलेल्या जगात कमीपणाची होती. दुसऱ्या शतकात केल्सस नावाच्या विरोधकाने यावरूनच टोमणे मारले. त्याला उत्तर देताना ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने चक्क लिहून टाकलं की चर्चमध्ये चालणाऱ्या शुभवर्तमानांत येशूला स्वतःला तेक्तोन कुठेच म्हटलेलं नाही. म्हणजे त्याच्या हातातल्या मार्कच्या प्रतीतही शब्द सरकलेला असणार. इतिहासकार अशा जागांना फार मान देतात. जी गोष्ट सांगणाऱ्यालाच अडचणीची होते, ती कोणी मुद्दाम रचत नाही. येशू स्वतः तेक्तोन होता, हे म्हणूनच बऱ्यापैकी पक्कं धरतात.

आता अर्थ. तेक्तोन लाकडाशिवाय इतर कामांनाही लागतो हे खरं. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात सोरच्या हिराम राजाने दाविदाकडे 'लाकडाचे तेक्तोन' आणि 'दगडाचे तेक्तोन' पाठवले असं आहे (2 शमुवेल 5:11). दुसरीकडे 'लोखंडाचा तेक्तोन' म्हणजे लोहार. गवंडीवाले इथपर्यंत येतात आणि थांबतात. त्यांनी पुढे 2 राजे 22:6 उघडावं. यरुशलेमच्या मंदिराच्या डागडुजीसाठी पैसे कोणाला द्यायचे याची तिथे यादी आहे : तेक्तोन, मग ओइकोदोमोस म्हणजे बांधकाम करणारे, मग तेइखिस्तेस म्हणजे भिंती घालणारे. तिघे वेगळे, आणि पहिल्याला 'लाकडाचा' असं विशेषण जोडायची गरजही लेखकाला वाटलेली नाही. दगडाचं किंवा लोखंडाचं काम असलं तर तसं सांगायचं, नुसतं तेक्तोन म्हटलं की लाकूडकाम, अशी ती भाषा आहे.

"नाकारलेला दगड कोनशिला झाला", "खडकावर बांधलेलं घर" ही वचनं पुढे करून येशू गवंडी होता म्हणतात, त्याचंही असंच. पहिलं वचन मुळात 118 व्या स्तोत्रातलं, येशूच्या जन्माआधी कित्येक शतकं म्हटलं जाणारं. आणि दोन्ही ठिकाणी बांधणाऱ्यांसाठी क्रियापद 'ओइकोदोमेओ'चं आहे. तेक्तोन तिथे फिरकतही नाही. वचनांवरूनच धंदा ठरवायचा असेल तर मत्तय 7:3 घ्या. आपल्या मराठी बायबलात तिथे कुसळ आणि मुसळ आहे, आपली म्हण फार सुंदर बसली आहे. पण ग्रीकमध्ये मुसळाच्या जागी 'दोकोस' आहे, म्हणजे तुळई. भावाच्या डोळ्यात काडी आणि आपल्या डोळ्यात छपराची तुळई!

तिसरा मुद्दा घरांचा : गालीलात घरं दगडाची होती, लाकूड कमी, मग सुताराला काम काय? हा प्रश्न मराठवाड्यात किंवा सोलापुराकडे विचारून पाहा. माळवदाच्या घराच्या भिंती दगडामातीच्या असतात, म्हणून त्या गावात सुतार नसतो का? खांब, तुळया, त्यावरच्या फळ्या, दारं, चौकटी कोण करतो? गालीलातली घरं अशीच होती. दगडी भिंती, वर लाकडी वासे, त्यावर बोरू-काटक्या आणि माती. मार्क 2:4 मध्ये कफर्णहूमात चौघे जण पक्षाघाती माणसाला खाली सोडण्यासाठी छप्पर 'उकरतात'. माळवदच उकरता येतं. लूक शहरी वाचकांसाठी लिहितो, तो तिथे कौलं घालतो. आणि लाकूड कमी होतं म्हणूनच सुताराच्या कामाला किंमत होती. 1986 साली गालील समुद्राचं पाणी आटलं तेव्हा चिखलात त्याच काळातली एक नाव सापडली, सुमारे 8 मीटर लांब. ती दहाहून अधिक जातींच्या लाकडांची आहे. मिळेल ते लाकूड, जुन्या नावांतलं काढलेलंसुद्धा, जोडून-सांधून ती चालती ठेवली होती.

ऋग्वेदात एक ओळ आहे (9.112.1) : "तक्षा रिष्टं रुतं भिषक्". सुतार मोडलेल्याची वाट पाहतो, वैद्य दुखावलेल्याची. ती नाव पाहिली की मला हा तक्षा आठवतो, आणि खरी गंमत तर इथून पुढे आहे.

तक्षा, मूळ शब्द तक्षन्, आणि ग्रीक तेक्तोन हा एकच शब्द आहे. ग्रीकवरून संस्कृत नाही की संस्कृतवरून ग्रीक नाही, दोघांचं घराणं एक. काही शब्दांत संस्कृतात जिथे क्ष, तिथे ग्रीकमध्ये क्त दिसतो. अस्वलाला संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमध्ये आर्क्तोस (त्यावरूनच उत्तर ध्रुवाकडचा आर्क्टिक प्रदेश, सप्तर्षींना ग्रीक लोक अस्वल म्हणत). तसंच तक्षन् आणि तेक्तोन. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात 'तशन्' म्हणजे घडवणारा. मायसीनी काळातल्या ग्रीकांच्या मातीच्या पाट्या 1952 साली वाचता आल्या, त्यांतही 'ते-को-तो-ने', म्हणजे तेक्तोनच, आहेत, येशूच्या बाराशे वर्षं आधीचे.

आता हा क्ष मराठीत येताना काय होतो ते पाहा. इक्षूचा ऊस, क्षुरिकेची सुरी, मक्षिकेची माशी, ऋक्षाचा अस्वल. मधल्या पायरीवर प्राकृतात च्छ, आणि मराठीत स किंवा श. तसंच तक्ष् धातूचं प्राकृतात तच्छ, गुजरातीत ताछवुं, आणि मराठीत तासणे! वाकसाने लाकूड तासणारा आपला माणूस आणि नासरेथचा तेक्तोन यांच्या धंद्याचं नाव एकाच धातूतून निघालं आहे. मार्क 6:3 वाचताना मला हे आठवलं नाही असं कधी होत नाही. (घड्याळातला तास वेगळा. तो फारसीकडून आलेला, घटिकापात्राच्या भांड्याचा. त्याला यात ओढू नये.)

शेतातलं तास मात्र मी ओढणार. नांगराची किंवा पाभरीची जी रेघ पडते, तिला शेतकरी तास म्हणतो, कपाशीच्या ओळीलाही म्हणतो. माझं मत आहे की हे तास तासण्यातलंच. नांगर जमीन तासत जातो, त्याची खूण ते तास. जमिनीला 'तासणे' लावलेलं दिसत नाही, असा आक्षेप माझ्यावर घेतला गेला आहे. पण बांधाची कड तासतात, गवत तासून काढतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. फाळाच्या कामाला हेच क्रियापद का चालू नये? कोशकारांनी हे तास वेगळ्या नोंदीत टाकून हात झटकावेत, हे मला पटत नाही. हे मत आहे, नियम नव्हे, पण त्यावरून मी हटणार नाही.

आणि 'सुतार'? तो सूत्रधार, प्राकृतात सुत्तहार, मग सुतार. सूत धरणारा. ओंडक्यावर सूत ताणून रेघ मारायची आणि त्या रेघेवर कापायचं, म्हणून सूत्रधार. जुन्या शिल्पग्रंथांत कारागिरांचे चार वर्ग सांगतात : स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी, तक्षक. वर्धकीचा हिंदीत बढई झाला आणि विदर्भात वाढई. आता यशया 44:13 ची हिब्रू ओळ पाहा. मूर्ती घडवणाऱ्या सुताराचं वर्णन तिथे कशाने सुरू होतं? 'हाराश एत्सीम नाता काव' : लाकडाचा कारागीर सूत ताणतो. हिब्रू संदेष्ट्याने सुताराची जी पहिली हालचाल टिपली, तीच आपल्या भाषेने त्याचं नाव केली.

'अर्खितेक्तोन' (मुख्य तेक्तोन) वरून आर्किटेक्ट आला, म्हणून तेक्तोन म्हणजे बांधकामवालाच, असंही सांगतात. जोडशब्दाचा अर्थ असा मागे ढकलता येत नाही. सूत्रधार नाटकात गेला, म्हणून गावचा सुतार नांदी म्हणतो का?

गेझा व्हर्मेश या मोठ्या अभ्यासकाने 1973 साली वेगळीच वाट काढली. अरामी भाषेत सुताराला नग्गार (अरबी नज्जार तोच), आणि यहुद्यांच्या तालमूद या ग्रंथात एका ठिकाणी "हे सोडवायला कोणी सुतार किंवा सुताराचा मुलगा नाही" असं विद्वानाबद्दल म्हटलं आहे. तेव्हा येशू सुतार म्हणजे कदाचित विद्वान, अशी ती सूचना. व्हर्मेशबद्दल मला अतिशय आदर आहे, येशूला त्याच्या यहुदी मातीत परत नेऊन उभं करणाऱ्यांत तो पुढचा. पण ही सूचना टिकत नाही. तालमुदातली ती वाक्यं काही शतकांनंतरची. आणि मार्कमध्ये गावकरी काय म्हणतात ते तरी पाहावं. याला हे शहाणपण कुठून आलं, हा तर तेक्तोन! तेक्तोन म्हणजे विद्वान असता तर त्यांना आश्चर्य वाटलंच नसतं.

नासरेथपासून सुमारे 6 किलोमीटरवर सेप्फोरिस होतं. इ.स.पू. 4 मधल्या उठावात रोमन सैन्याने ते जाळलं आणि गालीलाचा शासक हेरोद अंतिप याने पुन्हा उभारलं. योसेफ आणि येशू तिथे कामाला जात असतील ही कल्पना आकर्षक आहे. शुभवर्तमानांत त्या शहराचं नाव एकदाही येत नाही, त्यामुळे ती कल्पनाच राहते.

मग तो करत काय असे? याचं सर्वांत जुनं सरळ उत्तर जस्टिन हा ख्रिस्ती लेखक देतो, इ.स. 160 च्या आसपास. जस्टिन शोमरोनातला, आजच्या नाब्लुसचा, म्हणजे गालीलाला लागूनच वाढलेला. तो लिहितो की येशू तेक्तोन म्हणून नांगर आणि जू करत असे. नांगर आणि जू! आता सांगा, हे वाचून लंडनच्या माणसाला डोळ्यांसमोर कोण दिसतो, आणि बारा बलुतेदारांचं गाव ठाऊक असलेल्या मराठी माणसाला कोण दिसतो? आपल्या गावच्या सुताराचं मुख्य काम टेबल-खुर्ची कधीच नव्हतं. औतं भरणं, नांगर-कुळव दुरुस्त करणं, जू करणं, आणि सुगीला खळ्यावरून त्याचं बलुतं नेणं, हे त्याचं काम. गालीलात बलुतं होतं असं मी म्हणत नाही. पण शेतकऱ्याच्या औतावर पोट असलेला लाकडाचा कारागीर हा अर्थ 'सुतार' या एका शब्दात मराठीत आयता बसलेला आहे. शब्द बदलायचा तो कशासाठी?

आणि ते 'जू'सुद्धा पाहा. ग्रीकमध्ये 'झुगोन', संस्कृतात युग, मराठीत जू. पुन्हा एकच शब्द. मत्तय 11:30 मधलं "माझे जू सोयीचे" हे वचन जू घडवणाऱ्याच्या तोंडचं म्हणून वाचलं तर 'सोयीचे'ला वजन येतं. बैलाच्या मानेला न खुपणारं जू कसं तासायचं, हे त्याला माहीत होतं.

दुसरा प्रश्न. 'इतिहासातला येशू' लिहा. 'ऐतिहासिक' हा शब्द वर्तमानपत्रांनी क्रिकेटच्या विजयापासून रस्त्याच्या उद्घाटनापर्यंत इतका वापरला आहे की 'ऐतिहासिक येशू' म्हणजे थोर येशू असंच कोणालाही वाटेल. अभ्यासकांना म्हणायचं असतं ते एवढंच : साधनांवरून, पुरावा तपासून जेवढा येशू हाती लागतो तेवढा. जर्मनमध्ये यासाठी दोन शब्द आहेत, मार्टिन केलर या धर्मशास्त्रज्ञाने 1892 साली त्यांतला फरक मांडला. मराठीत विभक्तीने काम भागतं.

लूक 9:62 मध्ये नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याचं वचन आहे. मागे पाहिलं की तास वाकडं जातं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्या रेघेला आपल्या भागात तास म्हणतात की आणखी काही, आणि जमिनीला 'तासणे' लावलेलं कोणी प्रत्यक्ष ऐकलं आहे का, हे तालुक्याच्या नावासकट कळवा.