डायरीतली ओळ आणि भावाचा नकार

प्रश्न : बाबा ७८ वर्षांचे. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून २३ दिवस व्हेंटिलेटरवर आहेत. आता सुधारणा नाही, असं डॉक्टर सांगतात. ‘मला नळ्या लावून जगवू नका,’ असं बाबांनी डायरीत लिहून ठेवलंय. व्हेंटिलेटर काढायला आई आणि मी तयार आहोत, पण पुण्याचा भाऊ म्हणतो, हा खून आहे. हॉस्पिटलवाले म्हणतात, फॉर्मवर सही करा आणि घरी न्या. आत्या म्हणतात, त्याआधी घराच्या कागदावर बाबांचा अंगठा घेऊन ठेव. काय करू?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, त्या फॉर्मवर सही करू नका. ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत’ असं त्यात छापलेलं असतं. म्हणजे डॉक्टर ठेवा म्हणत होते, तुम्हीच नेलंत! उद्या भावाने पोलिसांत अर्ज दिला तर कागदावर सही तुमची. आणि घरी बाबांचा श्वास कोंडू लागला, तर त्रास कमी करणारं औषध द्यायला कोण असेल?

असे उपचार थांबवणं कायद्याने खुलेपणाने, हॉस्पिटलातच करता येतं. ‘कॉमन कॉज’ खटल्यात ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात धरला. तेव्हाच्या रीतीत कलेक्टरही होते. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ते गेले. आता हॉस्पिटलने आधी प्राथमिक मंडळ नेमायचं : उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांचा होकार आला की दुसरं मंडळ, त्यात सीएमएचओंनी (जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकाऱ्यांनी) नेमलेला एक डॉक्टर आणि दोन नवे तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं. घरच्यांची लेखी संमती लागते. मग हॉस्पिटल प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. फक्त कळवतं, परवानगी मागत नाही. ‘कोर्टाची ऑर्डर आणा’ असं काउंटरवर कुणी म्हणालं, तर हे सांगा.

डायरीला उपचारांबद्दलच्या इच्छापत्राचं (‘लिव्हिंग विल’चं) बळ नाही. त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतात. तरी बाबांच्या मनात काय होतं, हे त्या पानावर त्यांच्याच अक्षरात आहे. तारखेसकट झेरॉक्स अर्जाला जोडा, डायरी मात्र स्वतःकडेच ठेवा.

भावाला सांगा, हा खून नाही. इंजेक्शन देऊन जीव घेणं आजही गुन्हाच. निरुपयोगी उपचार थांबवणं वेगळं. आई पत्नी आहेत, त्यांच्या संमतीला वजन आहे. पण खरं सांगतो, मुलगा वकिलाची नोटीस पाठवत असेल तर कुठलंही हॉस्पिटल हात लावत नाही. त्यामुळे त्याच्याशी तुम्ही वाद घालू नका. डॉक्टरांसमोर त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या, सीटी स्कॅन दाखवायला सांगा, त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या. लांबच्या मुलाला पुष्कळदा अपराधी वाटत असतं, ते कायद्याच्या भाषेत बाहेर पडतं.

मंडळांची मतं जुळली नाहीत, तर घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते. जबलपूरला जायला नको, इंदूरला खंडपीठ आहे.

अंगठ्याचं म्हणाल, तर बेशुद्ध माणसाचा अंगठा म्हणजे सरळ फौजदारी प्रकरण. आत्यांना मी सांगितलंय म्हणून सांगा.

मंडळ नेमण्याचा अर्ज आजच अधीक्षकांच्या नावे लिहा. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या.