कॉक्लियर इम्प्लांटनंतर प्रगतीची वही कशी ठेवावी?

प्रश्न : माझ्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नव्हते. तो दोन वर्षांचा असताना कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचे ऐकण्याचे यंत्र) झाले आणि स्विच-ऑन होऊन, म्हणजे ते यंत्र पहिल्यांदा सुरू होऊन, आता आठ महिने झाले. हाक मारली की तो वळून बघतो, पण ‘आई’ आणि ‘पापा’ यांखेरीज काही बोलत नाही. त्याच्याच वयाचा पुतण्या मात्र घडाघडा बोलतो. थेरपिस्टनी प्रगतीची वही ठेवायला सांगितले आहे, तिच्यात नेमके काय लिहावे? शिवाय घरात मराठी आणि बाहेर सगळीकडे हिंदी असल्यामुळे सासूबाईंच्या मते त्याच्याशी हिंदीतच बोलावे.
– एक आई, इंदूर

उत्तर : ताई, पुतण्याशी तुलना आधी थांबवा. आपल्या मुलाचे ऐकण्याचे वय स्विच-ऑनच्या दिवसापासून मोजायचे, म्हणजे ते आज आठ महिने आहे, आणि ऐकू येणारे बाळसुद्धा आठव्या महिन्यात अर्थपूर्ण शब्द सहसा बोलत नाही. बोलण्याच्या आधी ऐकणे पक्के व्हावे लागते : आवाज आला हे कळणे, दोन आवाजांतला फरक कळणे, आवाज ओळखणे आणि मग अर्थ समजणे. म्हणून वहीत केवळ नवे शब्द मोजत बसलात, तर खरी प्रगती नजरेतून सुटेल.

‘आज छान ऐकले’ अशा नोंदीचा थेरपिस्टना उपयोग होत नाही. त्यापेक्षा असे लिहावे : ‘संध्याकाळी स्वयंपाकघरात, पंखा चालू असताना, त्याच्या पाठीमागून “चप्पल आण” म्हटले, खूण केली नाही, पहिल्यांदा नुसता थांबला, दुसऱ्यांदा म्हटल्यावर चप्पल घेऊन आला.’ एवढ्या नोंदीतून त्याने ओठ न पाहता ऐकले, गोंगाट किती होता आणि सूचना किती वेळा द्यावी लागली, हे सारे कळते. बोट दाखवून किंवा चप्पलेकडे पाहून सांगितले असेल, तर तसे प्रामाणिकपणे लिहावे, कारण तेव्हा त्याने कानाने ऐकले की डोळ्यांनी ओळखले, हे सांगता येत नाही. प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा कानावर लावायचा बाहेरचा भाग, दिवसभरात किती तास कानावर होता, हेही रोज लिहा. झोप आणि आंघोळ सोडून जागेपणीचा सगळा वेळ तो हवा.

रोज सकाळी प्रोसेसर लावल्यावर आ, ई, ऊ, म, श आणि स हे सहा ध्वनी म्हणून पाहावेत. कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवण्यातले तज्ज्ञ डॅनियल लिंग यांनी सुचवलेली ही चाचणी आहे. ‘म’ आणि ‘ऊ’ खालच्या पट्टीतले, ‘स’ अगदी वरच्या, त्यामुळे बोलण्याचा जवळजवळ सगळा पट्टा तिच्यात येतो. मुलाच्या शेजारी किंवा मागे बसून नेहमीच्या आवाजात म्हणावे आणि ऐकू आले की त्याने डब्यात एक ठोकळा टाकावा. दोन ध्वनींमधले अंतर कमी-जास्त ठेवा, नाहीतर मुले अंदाजाने ठोकळे टाकतात, आणि ती यात फार हुशार असतात. कालपर्यंत ऐकू येणारा ‘स’ आज येत नसेल, तर बॅटरी, कॉइल (डोक्याला चिकटणारी चकती) आणि माइकचे आवरण तपासावे. पावसाळ्यात दमटपणाही नडतो. तरीही फरक पडला नाही, तर पुढच्या मॅपिंगची (मुलाला नीट ऐकू येईल अशी यंत्राची जुळणी करण्याची) वाट न पाहता ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे श्रवणतज्ज्ञांना, कळवावे.

भाषेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ज्या भाषेत आपण सहज गोष्ट सांगता, रागावता आणि लाड करता, तीच भाषा मुलाला द्यावी. मोठ्यांनी ओढूनताणून वापरलेली तुटपुंजी हिंदी त्याला पुरणार नाही. मराठीचा पाया भक्कम झाला, की शेजारी आणि शाळेतून हिंदी येईल. इम्प्लांट असलेली मुले दोन भाषा शिकू शकतात. सासूबाईंना हे समजावून सांगा आणि त्यांनाही वहीत घ्या, कारण दुपारी नातवाने काय ऐकले, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते.

मात्र ‘हळूहळू बोलेल’ म्हणून निर्धास्तही राहू नये. प्रोसेसर दिवसभर लावूनही दोन-तीन महिन्यांत वहीत ऐकण्याची एकही नवी नोंद आली नाही, किंवा आधीची एखादी गोष्ट मागे पडली, तर वही घेऊन ऑडिओलॉजिस्ट आणि थेरपिस्ट या दोघांनाही भेटा आणि मॅप, म्हणजे यंत्राची ती जुळणी, पुन्हा तपासून घ्या.