गोल्फच्या ड्रायव्हरचा (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबचा) 'टण्ण' आवाज कानाला बोचतो, काय करावं?

आधी आवाज अचानक वाढला की पहिल्यापासूनच असा आहे, ते ठरवा. अचानक बदलला असेल तर फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागावर, बारीक तडा शोधा. तडा गेला असेल तर हेड (दांड्याच्या टोकाचा पोकळ भाग) बदलण्यावाचून गत्यंतर नाही. हलवल्यावर आत खुळखुळत असेल तर बहुधा सुटलेला इपॉक्सीचा (हेड-दांडा जोडणाऱ्या गोंदाचा) तुकडा असतो.

पहिल्यापासूनच कर्कश असेल तर दोष रचनेतच आहे. ४६० सीसीचं पोकळ टायटॅनियम हेड आणि पातळ फेस म्हणजे जवळपास घंटाच. यावर खरा उतारा हॉट मेल्टचा. क्लबफिटर (क्लब जुळवून देणारा कारागीर) हेडवरच्या छिद्रातून चिकट, न सुकणारा गोंद गरम करून आत सोडतो. एकदम ओतू नका. २ ग्रॅम घाला, मारून बघा, मग पुढचे. हेडमध्ये २ ग्रॅम वाढले की स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचं माप) साधारण एका अंकाने चढतं, म्हणून ६-८ ग्रॅमनंतर क्लब जड वाटू लागतो. काढता येणारं वजन असेल तर तेवढं कमी करा. गोंद टाचेकडे जास्त गेला तर चेंडू डावीकडे वळायला लागतो (उजव्या हाताच्या खेळाडूचा).

फुगणारा फोम मात्र नको. नंतर काढता येत नाही. बाहेरून लेड टेप (शिशाची चिकटपट्टी) लावून आवाजात नगण्य फरक पडतो. हे सगळं फेरीआधी करा, खेळ चालू असताना क्लबमध्ये बदल नियमाला मान्य नाही.

तोवर सरावाला इअरप्लग वापरा. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने पातळ फेसच्या टायटॅनियम ड्रायव्हरमुळे ऐकू येणं कमी झाल्याची शक्यता असलेला रुग्ण नोंदवला होता. नवाच घ्यायचा तर कार्बन फेसचा बघा, आवाज बराच दबका असतो.