दीड लाखाचा क्लास लावू का, मावशी?

प्रिय मावशी,
मी गोव्यात साखळीला राहते. यंदा बारावी आर्ट्‌सला आहे. मला वकील व्हायचंय, त्यासाठी डिसेंबरात क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, देणार आहे. पणजीतल्या एका क्लासची फी दीड लाख आहे, शनिवार-रविवार दिवसभर वर्ग असतात. दुसरा एक ऑनलाइन कोर्स बावीस हजारांना मिळतो. बाबांचं छोटं दुकान आहे. त्यांनी माझ्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडायची तयारी दाखवलीय. “पैशांचं तू बघू नकोस,” म्हणतात. आई काहीच बोलत नाही. माझ्या मैत्रिणीने महागडा क्लास लावलासुद्धा. स्वस्तातला घेतला आणि नंबर लागला नाही तर जन्मभर वाटत राहील की तिथे गेले असते तर झालं असतं. महागडा घेऊन नंबर लागला नाही तर बाबांना तोंड कसं दाखवू? क्लासवाले म्हणतात, रविवारपर्यंत नाव घातलं तर वीस हजारांची सूट. मला रात्री झोप येत नाही.
– साखळीची एक वाचक

बाय,

कारणं मागून सांगते, उत्तर आधी. रविवारी पैसे भरू नकोस. बाबांची ठेव आहे तिथेच राहू दे. एक महिना घरी बसून, फुकट मिळतं तेवढ्यावर स्वतःला तपासून बघ, आणि जिथे खरंच कमी पडतेस तेवढंच विकत घे. बहुतेक ते बावीस हजारांच्या आतच बसेल.

त्या सवलतीच्या तारखेने तुझी झोप उडवलीय, म्हणून तिचं आधी बोलते. जूनमध्ये प्रवेश देणारा क्लास जुलैतही देतो. सूटही बहुधा पुन्हा येते, नाव तेवढं बदलतं. आणि समजा नाहीच आली, तरी वीस हजार वाचवायला एक लाख तीस हजार घालवायचे का, हा प्रश्न उरतोच. त्यावर कोचिंगला १८ टक्के जीएसटी लागतो. तुला सांगितलेला आकडा करासकट आहे की कराशिवाय, ते विचारलंस का?

आता ही परीक्षा मागते काय ते बघ, कारण सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो. १२० प्रश्न, १२० मिनिटं. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं तर पाव गुण कापतात. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, तार्किक विचार आणि गणित असे पाच भाग. गणिताचे प्रश्न दहा ते चौदा, तेही दहावीच्या पातळीचे. २०२० पासून सगळा पेपर उताऱ्यांवर आलाय. साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा देतात आणि त्याखाली प्रश्न. आधी कायदा शिकलेला असायची गरज नाही, असं परीक्षा घेणारं राष्ट्रीय विधी विद्यापीठांचं कन्सॉर्शियम स्वतःच सांगतं.

म्हणजे हा पेपर वाचनाचा आहे. दीड लाखाच्या माहितीपत्रकात ‘कायद्याचा पाया पक्का करून घेतो’ वगैरे लिहिलं असेल तर ते बाजूला ठेव.

एक उदाहरण देते, आपल्याच गोव्यातलं. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा आजही चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरतात. तू हे लहानपणापासून ऐकलेलं असणार, घरात कुणाचं घर-जमीन विकायचं झालं की दोघांच्या सह्या लागतात. आता समज, क्लॅटच्या उताऱ्यात नियम दिलाय की ज्याच्या नावावर मालमत्ता त्याचीच ती, आणि त्याखाली एका जोडप्याची गोष्ट देऊन विचारलंय की बायकोचा वाटा किती. गोव्याची मुलगी चटकन ‘अर्धा’वर खूण करेल आणि पाव गुण घालवून बसेल. उत्तर उताऱ्यातल्या नियमातून काढायचं असतं, आपल्याला ठाऊक असलेल्या कायद्यातून नाही. ही शिस्त कुणी तासभर फळ्यावर शिकवून येत नाही. शंभर उतारे सोडव, चुकलेले परत वाच, आणि उताऱ्यातल्या कुठल्या शब्दाकडे आपण दुर्लक्ष केलं ते शोध, तेव्हा ती हळूहळू अंगात मुरते.

म्हणून महिनाभराचं काम सांगते. कन्सॉर्शियमच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत. येत्या रविवारी, क्लासला पैसे भरायच्या त्याच दिवशी, त्यातली एक छापून घे. परीक्षा दुपारी असते, म्हणून तूही दुपारीच बस. फोन आईकडे दे, समोर घड्याळ ठेव आणि दोन तास उठू नकोस. पेपर कागदावरच सोडव, कारण परीक्षाही कागद-पेनाचीच आहे. गुण किती आले याचं त्या दिवशी काहीही वाटून घेऊ नकोस. पहिल्या पेपरात जवळजवळ सगळ्यांचेच कमी येतात.

खरं काम दुसऱ्या दिवशी आहे. वही घे आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिही. उतारा कळलाच नाही? कळला, पण घाईत पर्याय चुकला? की वेळच पुरला नाही आणि शेवटी अंदाजाने गोळे भरले? चालू घडामोडींतलं चुकलं असेल तर ती बातमी कधीची होती तेही लिही. असे चार रविवार, चार पेपर. महिन्याअखेरीला वही उघडलीस की तुझा आजार तुलाच दिसेल, आणि औषध कुठलं घ्यायचं ते माहितीपत्रकावरून ठरवायची वेळ येणार नाही.

वेळ पुरत नसेल, तर तुला हवी चांगली टेस्ट सिरीज, म्हणजे वेळ लावून सोडवायच्या सराव पेपरांचा संच. ती काही हजारांत मिळते. बातम्यांत मार बसत असेल तर रोज तासभर इंग्रजी वर्तमानपत्र वाचायचं आणि महिन्याच्या बातम्यांचं संकलन वापरायचं. पणजीत आलीस तर पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून बघ, बसस्टँडपासून चालत जाता येतं आणि वर्तमानपत्रं तिथे असतात. गणिताला दहावीचं पुस्तक पुरे.

आणि उताराच कळत नसेल तर? यावर जरा थांबते, कारण साखळी-डिचोलीकडच्या मुलींच्या पत्रांत हे दुखणं मला सारखं दिसतं आणि कुणी ते मोकळेपणी बोलत नाही. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून एकदम इंग्रजी. पुस्तकातलं पाठ करून गुण मिळतात, पण अनोळखी विषयावरचा मजकूर दोन-तीन मिनिटांत वाचून लेखकाचं म्हणणं काय ते ओळखायची सवय होत नाही. त्यात हुशारीचा काही संबंध नाही, सवय करायची राहून गेलेली असते. ती लागते, आणि सहा महिन्यांत चांगलीच लागते. रोज संपादकीय पानावरचा एक लेख घे, मोठ्याने नको, मनातल्या मनात वाच, वेळ लाव, मग पान उलटं ठेवून लेखकाला काय म्हणायचंय ते चार ओळींत लिही. मराठीत लिहिलंस तरी चालेल. विचार कळला की भाषा मागून येते. तुमच्या हायर सेकंडरीतल्या इंग्रजीच्या सरांना किंवा बाईंना आठवड्यातून एकदा ती वही दाखव. अशा मुलीला नाही म्हणणारा शिक्षक मला अजून भेटलेला नाही.

आता त्या महागड्या क्लासचं प्रामाणिकपणे सांगते, कारण तो सगळ्यांसाठीच वाईट असं मी म्हणणार नाही. तिथे पैसे देऊन मिळतं ते ठरलेलं वेळापत्रक, बरोबरीची मुलं आणि शंका विचारायला समोर माणूस. ज्याला घरी एकट्याने बसवत नाही, त्याच्यासाठी हे मोलाचं असतं. बॅच पंधरा-वीस जणांची असेल आणि प्रत्येक मॉकनंतर, म्हणजे सराव परीक्षेनंतर, शिक्षक तुला शेजारी बसवून तुझा पेपर बघणार असतील, तर मी म्हणेन की त्या पैशात खरंच काही आहे. पण साठ-सत्तर मुलांच्या हॉलमध्ये बसायचं असेल, तर तोच वर्ग ऑनलाइन बघण्यात आणि त्यात फारसा फरक नाही. शिवाय साखळीहून पणजीला कदंबाच्या बसने जायचं-यायचं, पावसाळ्यात, शनिवार-रविवार दोन्ही दिवस. वाचनाला मिळणारे आठवड्यातले सगळ्यात मोकळे दोन दिवस त्यात जातील. डिसेंबरची क्लॅट झाली की फेब्रुवारी-मार्चात बोर्ड आहे. क्लॅटला बारावीत ४५ टक्के लागतात, ते तुला अवघड नाही, पण बोर्डाचा अभ्यास सोडूनही चालणार नाही.

चार रविवारांनंतरही तुला वाटलं की समोर माणूस हवाच, तर जा. पण जाण्याआधी एक डेमो तास बस आणि काउन्सेलर नाही, शिकवणाऱ्या शिक्षकाशीच बोल. हेच शिक्षक डिसेंबरपर्यंत असतील का, ते विचार. भिंतीवर ज्यांचे फोटो आहेत त्या मुलांनी पूर्ण कोर्स केला होता की फक्त मॉक दिल्या होत्या, तेही विचार. हे विचारायला लाजू नकोस. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत यशस्वी विद्यार्थ्याने कुठला कोर्स घेतला होता ते जाहिरातीत सांगायचं आहे. आणि मध्येच सोडलं तर पैसे परत कसे मिळणार, ते लेखी घे. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या सूचनांप्रमाणे उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत करायचे असतात. हे लिहून द्यायला कुणी का-कू करत असेल, तर तिथून उठून ये. वर्षाची फी एकरकमी कुठेच भरू नकोस, हप्ते माग.

मैत्रिणीचं म्हणशील, तर तिच्या घरचा हिशेब वेगळा, तिची गरजही वेगळी असेल. तिच्याशी अबोला नको. तिला तिथे मिळणारे उतारे दोघींनी मिळून सोडवायला काय हरकत आहे? रविवारी संध्याकाळी तासभर.

आणि ते ‘जन्मभर वाटत राहील’. हे वाक्य मी दोनदा वाचलं. नंबर लागला नाही तर दुःख होईलच, ते कुठल्याही क्लासने टळत नाही. देशभरातून हजारो मुलं बसतात आणि वरच्या विद्यापीठांतल्या जागा थोड्या असतात, त्यामुळे मनापासून अभ्यास केलेली मुलंही मागे राहतात. पण वकिलीचं दार एकच नाही. मिरामारला साळगावकर कायदा महाविद्यालय आहे, मडगावला कारे महाविद्यालय आहे, दोन्हीकडे बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्राची कायद्याची सीईटी वेगळी, तिच्यात चुकीला गुण कापत नाहीत, तीही देऊन ठेव. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची आयलेट ही प्रवेश परीक्षा निराळी असते. आपल्या न्यायालयांत नाव कमावलेले कितीतरी वकील गोव्यातच शिकले. क्लॅटच्या एका दुपारी तुझं सगळं आयुष्य टांगलेलं नाही. आणि तुझ्या मनाने ते धरलं असेल तर झोप येत नाही यात नवल नाही.

आई बोलत नाहीत असं लिहिलंयस. आज जेवण झाल्यावर त्यांच्याजवळ बस आणि सरळ विचार, “आई, तुला काय वाटतं?” घरचा महिन्याचा खर्च बऱ्याचदा आयांनाच ठाऊक असतो, आणि मुलीच्या शिक्षणाला अडवल्यासारखं होईल म्हणून त्या गप्प बसतात.

हे पत्र बाबांनाही वाचायला दे. पुढचं त्यांच्यासाठी आहे.

भाऊ, तुम्ही ठेव मोडायला निघालात, यातच तुमची माया दिसते. तिला ती कळलीय, म्हणून तर ती घाबरलीय. पण खरा खर्च क्लासचा नाही, तो पुढे आहे. नंबर लागला तर राष्ट्रीय विधी विद्यापीठात फी, होस्टेल आणि मेस धरून वर्षाला दोन-तीन लाख आणि काही ठिकाणी त्याहून जास्त जातात, आणि अशी पाच वर्षं. प्रवेशाच्या वेळी तर थोड्या दिवसांच्या मुदतीत पैसे भरावे लागतात, तेव्हा हातात ठेव असलेली बरी. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तिच्या अटी आणि कागदपत्रं आत्ताच विचारून ठेवा, निवासी दाखल्यासारखे कागद ऐनवेळी मिळत नाहीत. आणि तिला एकदा तोंडाने सांगा की नंबर लागला नाही तरी तुम्ही तिच्यावर रागावणार नाही. ‘पैशांचं तू बघू नकोस’ असं म्हणण्यापेक्षा ठेव किती आहे आणि ती कशासाठी ठेवलीय, ते तिच्यासमोर मांडा. सतरा वर्षांची मुलगी वकील व्हायला निघालीय, घरचा हिशेब तिला नक्की समजेल.

तुझी,
मावशी