उष्मादायी: उष्णता देतं कोण?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलंय: मुलगा दहावीला आहे, 'उष्मादायी' आणि 'उष्माग्राही' हमखास उलटं लिहून येतो. उष्मा म्हणजे तर उकाडा, मग रसायनात हा शब्द कशाला? साधा शब्द नाही का?

ताई, मुलगा कुठे चुकतो ते मला ठाऊक आहे; माझ्याकडे शिकवणीला येणारी पोरं तिथेच चुकतात. चुनखडी भट्टीत भाजतात, म्हणजे आपण तिला उष्णता देतो, म्हणून ती 'उष्मादायी', असं त्यांना वाटतं. देणारे आपण, असं धरून चालतात. पण या शब्दांत आपण नाहीच. देणारी-घेणारी ती अभिक्रिया, म्हणजे नवा पदार्थ तयार करणारा रासायनिक बदल. सुखदायी म्हणजे सुख देणारं. ज्याला सुख मिळालं, ते नव्हे. आरोग्यदायी, फलदायी तसेच. आणि गुणग्राही माणूस दुसऱ्याचे गुण घेतो, तशी उष्माग्राही अभिक्रिया उष्णता आत घेते. आधी 'गुणग्राही' शब्द पक्का करून घ्या, बाकीचं आपोआप बसेल.

तुमच्या जिल्ह्यात तर हे डोळ्यांनी बघता येतं. वणीजवळ राजूरला चुनाभट्ट्या आहेत. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. १०० ग्रॅम चुनखडीमागे १७८ किलोज्यूल उष्णता आत जाते, हाती येतो ५६ ग्रॅम चुना. ही उष्माग्राही.

तोच चुना पोळ्याआधी आमच्या घरी पोताऱ्यासाठी, म्हणजे भिंतींना चुना द्यायला, यायचा. आई टिनाच्या डब्यात खडे टाकून पाणी ओतायची. क्षणभर काहीच नाही. मग एक खडा तडकायचा, बारीक सूंऽ आवाज यायचा आणि खाली चूल नसताना पाणी खदखदायला लागायचं. 'दूर हो, डोये जातीन!' आई ओरडायची, आणि ते खरंच होतं. गावात म्हणत, 'चुना तपला.' बघा, 'तपवला' नाही, 'तपला'. भट्टीत चुनखडी तपवतात, ती उष्माग्राही; डब्यात चुना तपतो, ती उष्मादायी. तुम्ही साधा शब्द मागितलात, तर आपल्या बोलीत तो फरक क्रियापदातच आहे.

मात्र हा फरक सगळीकडे लावू नका. लाकडाला पेटवायला काडी लागते, तरी जळणं उष्मादायीच. कारण काडीने दिलं त्याच्या कितीतरी पट ते परत देतं. बघायचा तो शेवटचा हिशेब.

चुन्याचा हिशेब तर मला फार आवडतो. त्या ५६ ग्रॅम चुन्यावर पाणी पडलं की ६५ किलोज्यूल बाहेर पडतात. मग पोतारा भिंतीवर वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, पुन्हा चुनखडी होतो आणि उरलेले ११३ किलोज्यूल सोडतो. ६५ आणि ११३, बरोबर १७८. भट्टीत घेतलेलं सगळं परत. भिंत हाताला गरम लागत नाही, कारण हे काम फार सावकाश चालतं.

आता 'उष्मा'. आपण उन्हाला तपन म्हणतो आणि 'उष्मा' ऐकतो तो बातम्यांत, उष्माघातासोबत. म्हणून तो हवेचाच शब्द वाटतो. पण कॅलरीला मराठीत उष्मांक म्हणतात, तिथे उष्मा म्हणजे मोजता येणारी उष्णताच. रसायनातला अर्थ हाच. हिंदी माध्यमाची मुलं ऊष्माक्षेपी आणि ऊष्माशोषी शिकतात. क्षेपी म्हणजे फेकणारी. दिशा त्यात जास्त ठळक दिसते हे मान्य, तरी मला आपलं 'दायी' जवळचं वाटतं.

आणखी एक. फवारणीला बादलीत युरिया विरघळवला की बादली बाहेरून गार लागते. तेही उष्माग्राही आहे, पण तिथे नवा पदार्थ तयार होत नाही, म्हणून त्याला 'अभिक्रिया' म्हणू नये, 'प्रक्रिया' म्हणावं. मुलाला उदाहरण विचारलं तर आधी प्रश्नात यांपैकी कोणता शब्द आहे ते बघायला सांगा.